चारचा भोंगा

नीळकंठ साहेबांच्या ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं, आणि ते काही चुकून नव्हे. उभं आयुष्य सरकारी खात्यात घालवून साहेब निवृत्त झाले तेव्हा माणसं वेळेवर येत नाहीत, एवढं एकच ज्ञान त्यांनी तिथून सोबत आणलं होतं. त्यावरचा त्यांचा इलाज म्हणजे हे पुढे ढकललेलं घड्याळ. ते पुढे आहे हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. सगळे मनातल्या मनात वीस मिनिटं वजा करायचे आणि निवांत यायचे, आणि साहेब तरीही खूश. बालाघाटात अशी घड्याळं घरोघरी सापडतील. त्यांनी आजवर कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

ऑफिस एका छोट्या खासगी वीज कंपनीचं होतं. खैरलांजीच्या बाजूला वैनगंगेला मिळणाऱ्या एका लहानशा नदीवर कंपनीनं बंधारा बांधला होता. दिवसभर पाणी अडवायचं, संध्याकाळी फाटक उघडून चक्कीवर, म्हणजे टर्बाइनवर, सोडायचं आणि वीज करायची, असा धंदा. ते फाटक इथून, बालाघाटच्या दोन खोल्यांतून, टेलिफोनच्या तारेवरून उघडायचं. केदार नावाच्या इंजिनिअरनं लिनक्सचा एक कंप्युटर आणून ही सगळी व्यवस्था बसवली होती, आणि तो सांभाळायचं काम दीपिकाकडे होतं.

दीपिका बंधाऱ्याच्या खालच्या अंगाच्या गावची. नागपूरला मावशीकडे राहून कंप्युटरचा कोर्स केलेली. उन्हाळ्यात तिच्या गावच्या बाया नदीच्या कोरड्या पात्रात डांगरवाडी लावतात. भर वाळूत आळी करून डांगरं, टरबुजं, काकड्या. तिची माय, शेवंताबाई, त्या बायांची म्होरकी. वाडी पात्राच्या मधोमध उंचवट्यावर आणि काठाच्या बाजूनं नदीची जुनी धार, एरवी ठणठणीत कोरडी. बंधाऱ्याचं पाणी सुटलं की आधी ती धार भरते आणि वाडीतून काठावर यायचा रस्ता तुटतो. मग पाणी उंचवट्यावर चढायला लागतं. म्हणून नियम असा होता की चारला बंधाऱ्यावरचा भोंगा वाजवायचा आणि साडेचारला फाटक उघडायचं. मधल्या अर्ध्या तासात बाया टोपल्या उचलून काठावर येत.

या दोन्ही कामांना माणूस लागत नसे. क्रॉन नावाचा एक कारकून त्या कंप्युटरच्या पोटात बसवलेला होता. दर मिनिटाला त्यानं घड्याळ बघायचं. त्या मिनिटाचं काही काम नेमून दिलेलं असेल तर ते चालू करायचं, नसेल तर गप्प बसायचं. कारकून इमानी होता, पण अक्कल बेताचीच. काल काय झालं, उद्या काय होणार, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मिनिट समोर आलं तरच काम.

त्या एप्रिलात एका दुपारी नागपूरहून कंपनीची मोठी माणसं येणार होती. केदार त्यांनाच आणायला गेला होता. नीळकंठ साहेब सकाळपासून घायकुतीला आलेले. टेबलं पुसून झाली, बंधाऱ्याच्या फोटोला हार घालून झाला, आणि पावणेचारच्या सुमारास त्यांची नजर कंप्युटरच्या पडद्यावर गेली.

"दीपिका, हा कंप्युटर काहून मागं चालून राह्यला?"

"मागं नाही सर. तो बरोबर आहे. आपलं घड्याळ पुढं आहे."

"ते मले नको सांगू. भितीवर एक टाइम, तुह्या रिपोर्टवर दुसरा टाइम. ते लोक काय म्हणतीन? टाइम मिला दे दोनोंका."

"मंग घड्याळच मागं घेऊ ना सर."

"ते घड्याळ नाही हालणार," साहेब म्हणाले, जणू तिनं देव्हारा हलवायला सांगितला होता. "तुले येते ना कंप्युटरचा टाइम बदलता? कर मंग."

येत होतं. तिथंच तर घोडं पेंड खात होतं. न येणारी मुलगी असती तर केदारची वाट बघितली असती. दीपिकानं क्षणभर विचार केला. वीस मिनिटं पुढे केलं तर भोंगा वीस मिनिटं लवकर वाजेल, फाटकही वीस मिनिटं लवकर उघडेल. मधला अर्धा तास तसाच राहील. बाया भोंग्यावर उठतात, घड्याळावर नाही. पाहुणे गेले की पुन्हा मागे घेता येईल. हिशेब चोख होता, उद्यासाठी. तिनं मालकाच्या अधिकाराचा पासवर्ड टाकला, डेटची आज्ञा दिली आणि पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाला नेऊन भिडवली. चार वाजून पाच मिनिटं. साहेबांनी दोन्हीकडे बघून मान डोलावली आणि चहा सांगितला.

मग प्रिंटरनं कागद गिळला. पाहुण्यांसाठी महिन्याभराचा रिपोर्ट काढायचा होता आणि पहिल्याच पानाला तो अडला. दीपिकानं झाकण उघडलं, चुरगळलेला कागद चिमटीनं ओढून काढला, बोटं काळी करून घेतली. पुन्हा छापायला लावलं, पुन्हा अडला. यात बराच वेळ गेला. ती वैतागली होती आणि तिचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

अखेर कागद सरळ यायला लागला, आणि तेवढ्यात टेबलावरचं मोडेम किंचाळलं. बंधाऱ्याला फोन लावताना ते रोज असंच किरकिरायचं. एकदा भोंग्याच्या वेळी, एकदा फाटकाच्या वेळी.

"घे, लागला तुहा भोंगा," साहेब चहाचा घोट घेत म्हणाले.

दीपिका सवयीनं हसली. मग तिचं हसू तोंडावरच राहिलं. आज ही पहिली किंचाळी होती. आणि पडद्यावर साडेचार वाजले होते.

कंप्युटरच्या घड्याळात आज चार वाजलेच नव्हते. ते चारच्या अलीकडून उडी मारून थेट पलीकडे गेलं होतं. कारकून चारच्या मिनिटाची वाट बघत बसला आणि ते मिनिट कुणीतरी त्याच्यासमोरून उचलून नेलं. कुणीतरी म्हणजे तिनंच. भोंगा वाजला नव्हता. फाटक मात्र उघडत होतं. खऱ्या वेळेनं तर अजून सव्वाचारही झाले नव्हते, म्हणजे सगळ्या बाया वाडीत असणार, आणि माय सगळ्यांच्या मधोमध.

"सर, भोंगा झाला नाही," ती म्हणाली. "फाटक उघडून राह्यलं. बाया नदीत आहेत."

"काय बोलून राह्यली तू? चैतरामले फोन लाव."

चैतराम हा बंधाऱ्यावरचा चौकीदार. पण त्याच्याकडे जाणारी तार एकच, आणि ती आत्ता मोडेमनं धरलेली. चैतरामचा फोन मुका, भोंगाही त्याच तारेवर. मोबाईल बालाघाटात नुकता आला होता, पण बंधाऱ्यावर त्याचा आवाज पोचत नव्हता. साहेबांच्या कपाखालची बशी खाली पडून फुटली. ते उठले आणि मोडेमच्या मागची तार ओढायला वाकले.

"नाही!" दीपिका इतक्या जोरात ओरडली की साहेबांचा हात जागीच थांबला. ऑफिसात आजवर तिनं कधी आवाज चढवला नव्हता. "तार नका काढू सर. तार तुटली का फाटक पूरं खुलते."

हेही केदारचंच डोकं. पावसाळ्यात वीज पडून तार तुटली आणि इकडून हुकूम आला नाही तर बंधारा फुटू नये, म्हणून तिकडं फाटकाजवळ बसवलेल्या यंत्राच्या पेटीला शिकवून ठेवलेलं होतं की तार निरोप न घेता तुटली तर पूर समजायचा आणि फाटक पूर्ण उघडायचं. पावसाळ्यासाठी शहाणपणाची गोष्ट. पण हा एप्रिल होता, आणि पात्रात बायका बसल्या होत्या.

"मंग ठार मार ना त्याले!" साहेबांना घाम फुटला होता. "तो केदार मारते ना नेहमी, नऊ नंबर. नऊ मार!"

साहेबांचं तसं चूक नव्हतं. त्या ऑफिसात ती रीतच होती. प्रिंटर अडला, नऊ मार. रिपोर्ट लटकला, नऊ मार. चालू कामाला थांबवायचे दोन मार्ग असतात. एक, त्याला आवरायला सांगायचं, म्हणजे ते हातातलं काम नीट ठेवून, निरोप घेऊन जातं. दुसरा हा नऊ नंबर. यात काही सांगणं नाही, विचारणं नाही, जागच्या जागी खलास. केदारला धीर नव्हता, म्हणून तो सरसकट दुसरा वापरायचा, आणि बाकीच्यांना तोच एक मंत्र ठाऊक झाला होता. दीपिकाची बोटंसुद्धा नवाच्या कळीकडे गेली होती. ती तिनं मागे घेतली. नऊ मारला तर फाटकाचं काम निरोप न घेता मरेल, तार तुटेल आणि तिकडची पेटी पूर समजेल.

"नऊ नाही मारायचा, सर. त्याले सांगा लागते. सांगितलं तर तो फाटक लावून जाईन."

"सांग मंग लवकर!"

तिनं चालू असलेल्या कामांचे आकडे पडद्यावर मागवले. पीएस एवढी दोनच अक्षरं, पण तीसुद्धा एकदा चुकली. दुसऱ्यांदा रांगच्या रांग उतरली. तिच्यात तिला तीन ओळी दिसल्या. एक फाटकाचं काम. त्याच्या खाली, त्याची दोन पोरं: एकानं तार धरून ठेवलेली आणि दुसरं नुसतं झोपलेलं. फाटक टप्प्याटप्प्यानं उघडायचं असे. पहिला टप्पा, मग दहा मिनिटं विश्रांती, मग दुसरा. ती विश्रांती मोजायला फाटकाचं काम हे झोपाळू पोर जन्माला घालत असे आणि ते उठेपर्यंत स्वतः हातावर हात ठेवून बसत असे. म्हणजे पहिला टप्पा उघडून झाला होता. धारेत पाणी शिरलं होतं.

तिनं फाटकाच्या कामाचा आकडा दोनदा वाचला, किल लिहिलं, आकडा लिहिला, पुन्हा पडद्याशी ताडून पाहिला आणि कळ दाबली. थांब, आवर, असा साधा निरोप.

काहीच झालं नाही.

मोडेमचा लाल दिवा तसाच जळत राहिला. तिनं पुन्हा रांग मागवली. तिन्ही ओळी जागच्या जागी.

"काय झालं?"

"ऐकत नाही, सर."

"मंग मार ना नऊ! पोरी, लोकं मरतीन तिकडं!"

"माही माय आहे तिकडं!" ती ओरडली. हे साहेबांना माहीत होतं, पण त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं.

दीपिकानं तळवे ओढणीला पुसले. का ऐकत नाही? निरोप पोचला नाही, की पोचूनही तसाच पडलाय? तिनं केदारनं लिहिलेली फाटकाची फाइल उघडली. डोळ्यांपुढे ओळी नाचत होत्या. वरच्याच बाजूला ती ओळ होती: आवरायचा निरोप आला तर फाटक लाव, पेटीचा निरोप घे, तार सोड. म्हणजे व्यवस्था होती. केदारनं लिहिली होती आणि आजवर कधी कुणी वापरून पाहिली नव्हती, कारण सगळे नऊ मारायचे. मग तिला उमगलं. निरोप दाराशी पडला असणार. पण फाटकाचं काम झोपलेल्या पोराच्या उशाशी बसलंय, आणि ते पोर उठल्याशिवाय ते दाराकडे बघणारच नाही. दहा मिनिटं. दहा मिनिटांत धार गळ्याइतकी भरते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती त्या काठावर वाढली होती.

पोराला उठवायचं. झोपलेल्या त्या कामालाच संपवलं की फाटकाचं काम मोकळं होईल. मोकळं झालं की आधी दाराकडे बघेल, निरोप वाचेल आणि फाटक लावेल. पण निरोप दाराशी पडलाच नसेल तर? तर विश्रांती संपली असं समजून ते पुढच्या कामाला लागेल. आणि पुढचं काम म्हणजे दुसरा टप्पा. तिनं स्वतःच्या हातानं मायच्या अंगावर दुप्पट पाणी सोडलेलं असेल.

साहेब तिच्या खुर्चीची पाठ धरून उभे होते आणि पुटपुटत होते, रामराम की आणखी काही. तिनं खात्रीसाठी पहिला निरोप आणखी एकदा पाठवला. मग झोपलेल्याचा आकडा लिहिला. त्याच्या लगेच वर तार धरलेल्याचा आकडा होता, फक्त शेवटचा अंक वेगळा. चुकून तो गेला तर तार तुटणार. तिनं बोट पडद्यावर टेकवून आकडा वाचला, मोठ्यानं वाचला, साहेबांकडून वाचून घेतला.

"हौ," साहेब म्हणाले, "हाच आहे."

तिनं कळ दाबली.

झोपलेली ओळ गेली. लाल दिवा लुकलुकला. एक वाक्य पडद्यावर आलं आणि दीपिकाला ते वाचवेना. साहेबांनीच चष्मा सावरून, पोथी वाचल्यासारखं अक्षर अक्षर लावून वाचलं. फाटक बंद होत आहे. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं वाक्य. फाटक बंद. मोडेमनं एक कट्ट आवाज केला आणि दिवा विझला.

तार मोकळी झाली. दीपिकानं त्याच दमात भोंग्याचं काम हातानं चालू केलं. मोडेम पुन्हा किंचाळलं आणि त्या किरकिरीनं तिला इतकं बरं वाटलं की तिला रडू फुटलं. भोंगा वाजून झाल्यावर साहेबांनी चैतरामला फोन लावला, पण तो उचलेना. वाजून वाजून घंटी थांबली.

"चल," साहेब म्हणाले. "गाडीत बस."

नागपूरची माणसं तेवढ्यात दारात उतरत होती. साहेबांनी त्यांना नमस्कारही केला नाही. केदारच्या हातात ऑफिसची किल्ली कोंबली आणि जीप काढली.

काठावर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. धारेत पाणी होतं, पण ओसरत चाललेलं, वाळूवर फेसाची रेघ सोडून मागे सरकणारं. टरबुजं आणि रिकाम्या टोपल्या खाली दूर वाहून जाऊन झुडपांना अडकल्या होत्या. बाया काठावर बसून लुगडी पिळत होत्या. दीपिकानं धावता धावता माणसं मोजली, आणि माय दिसली तेव्हा मोजणं सोडून दिलं. शेवंताबाई कमरेपर्यंत भिजली होती. बाकी धडधाकट होती आणि चैतरामशी कडाकडा भांडत होती.

"सांगा हिले!" चैतराम दीपिकाला बघून ओरडला. "पाणी पाह्यल्याबरोबर मी फोन सोडून धावत आलो. या काठावरून बोंबलून राह्यलो, निंघा, निंघा. एक बाई उठाले तयार नाही! हिनं बसवून ठेवलं सगळ्यायले!"

"बसवून ठेवलं मंग?" शेवंताबाई ठसक्यात म्हणाली. "भोंगा कुठं झालता? तू काय, कधीबी बोंबलतं." मग ती लेकीकडे वळली, आणि तिचा चेहरा असा फुलला की दीपिकाला खाली बघावं लागलं. "या बाया भेल्या ना पाणी पाहून. पळाले लागल्या. मी म्हटलं, बसा चुपचाप. माह्या पोरीच्या हातात आहे फाटक. तिचा भोंगा झाल्याशिवाय पाणी सुटतच नाही. थे असंच कुठचं झिरपून येऊन राह्यलं असंन. मंग भोंगा झाला अन् आम्ही उठलो. धार लागली कमरेले, पण निंघालो हात धरून."

बाया माना डोलावत होत्या. एका म्हातारीनं पुढे होऊन दीपिकाच्या गालावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

नीळकंठ साहेब दोन पावलं मागे उभे होते. दीपिकाला त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि स्वतःचाच टिकला. घड्याळ हलवायला त्यांनी सांगितलं होतं, पण क्रॉन कसा चालतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं.

"माय," ती म्हणाली, "पाणी म्याच सोडलं. भोंगा नाही वाजवला अन् सोडलं. माही चूक झाली."

शेवंताबाई हसली. पोर थकलीय, काहीबाही बोलते, असं तिला वाटलं असावं.

"खरं सांगून राह्यली मी. यापुढं भोंग्याची वाट नको पाहू. पाणी दिसलं का उठजो. चैतरामकाका बोंबलले का उठजो. माह्या भरवशावर नको बसू, माय."

आता हसणं थांबलं. शेवंताबाईनं लेकीकडे पाहिलं, मग जमलेल्या बायांकडे पाहिलं, आणि लुगड्याचा ओला पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

"चारचौघीत असं बोलाचं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मी या बायायले सांगून ठेवलं आहे, माही पोर चुकत नाही म्हणून."